पाहुणा कॅमेरा

“मी कुठे बसले तर दिसेन?”

प्रश्न इतका हळू आला, की कानातल्या यंत्रातूनच कोणीतरी बोललं असं भिंगवाल्यांना वाटलं. ते दिवाणखान्याच्या फरशीवर ओणवे होऊन वायरीवर चिकटपट्टी मारत होते. मान वर केली तर समोर घरची सूनबाई. हातात पाण्याचे पेले, ओठांवर यजमानघरचं हसू, आणि डोळे मात्र त्या हसण्याशी फारकत घेतलेले.

“कुठे म्हणजे?”

“पडद्यावर. दादा परदेशातून बघणार आहे. आमंत्रणाबरोबर सगळ्यांना लिंक गेली, तशी त्यालाही गेली.” तिने मागे पाहिलं. “उद्या पहाटे मला वखारीवर नेणार आहेत, रानात. हवापालट म्हणतात. तिथे फोन लागत नाही. आज त्याला दिसलेच पाहिजे मी.”

बोलता बोलता तिने पेला पुढे केला, कारण दारात मालक उभे राहिले होते. लाकडाच्या वखारीचे मालक. माणूस धिप्पाड, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या धिप्पाड माणसाशी बोलताना समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो, तसा भिंगवाल्यांचाही आला.

“काय विचारतायत सूनबाई?”

“काही नाही. कुठे बसायचं, ते.”

“मग सांगा की. कॅमेरे तीन आहेत ना? तीन ठरलेत आपले.”

“तीनच, मालक,” भिंगवाले म्हणाले, आणि भिंतीजवळच्या तिसऱ्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. “हा बायकांच्या बाजूचा. याच्या समोर बसा. लाल दिवा लागला, की तुम्ही दिसताय असं समजा.”

देवळाच्या दारातून आत पाहावं, तसं सूनबाईने त्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

आणि तो कॅमेरा आंधळा होता.

आता तो आंधळा कॅमेरा यांच्या घरी आला कसा, हे आधी सांगायला हवं.

भिंगवाले दिवसा चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचे. माणसाला खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायचा आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, यात उभी हयात गेलेली. बायको घरी कपडे शिवायची. जोडधंद्याचं खूळ दोघांच्याही डोक्यात नव्हतं. ते सुरू झालं भिंगवाल्यांच्या आईमुळे. आईला गाऊन सांगितलेल्या प्रवचनाचं भारी वेड. बुवांनी निरूपणातून गाण्यात उडी घेतली, की म्हातारीचे हात आपसूक टाळीला उठायचे. पुढे ती अंथरुणाला खिळली. मग भिंगवाल्यांनी सभागृहात चार पुस्तकांच्या चळतीवर आपला फोन उभा केला आणि तिला घरबसल्या प्रवचन दाखवलं. म्हातारी पडल्या पडल्या टाळ्या वाजवत होती. ऐन रंगात फोन तापला आणि बंद पडला. घरी गेल्यावर आईने विचारलं, “काय रे, देवाने मध्येच डोळे मिटले का?”

तो शब्द भिंगवाल्यांच्या जिव्हारी लागला. त्यात इतर लोकही मागे लागले. कोणाची बहीण दूर, कोणाचा मुलगा, कोणाचे पाय गेलेले. बायको म्हणाली, “पुण्यही होईल आणि भाजीला मीठही. आणा कॅमेरे. पण ऐपतीत.”

ऐपतीतले कॅमेरे मिळायची जागा एकच, जुन्या मालाच्या काकांचं दुकान. काकांनी पहिल्यांदा पुढे ठेवला तो फोटो काढायचा कॅमेरा, काळा, तुकतुकीत, नवरदेवासारखा. चित्रही असं, की काउंटरवरची धूळसुद्धा श्रीमंत दिसावी.

“हा किती वेळ चालतो सलग?” भिंगवाल्यांनी विचारलं.

“अर्धा तास. मग तो आपला आपण झोपतो.”

“आमचे बुवा अर्ध्या तासात नमन उरकत नाहीत,” बायको म्हणाली. “आणि हा पिवळा चौकोन कसला?”

“चेहरा सापडला, की त्याभोवती चौकोन काढतो. हुशार आहे.”

“तो चौकोन लोकांनाही दिसणार?”

काका कान खाजवू लागले. “तारेतून बाहेर जे चित्र जातं, त्यात येतो खरा. या मॉडेलला तो काढता येत नाही.”

“म्हणजे जित्या माणसाच्या तोंडाला चौकट. त्यावर हार घालायचा तेवढा बाकी. ठेवा तो आत.”

मग निघाले दोन जुने व्हिडिओ कॅमेरे, जुळ्या बहिणींसारखे. बॅटऱ्या फुगून मेलेल्या, पण भिंतीतली वीज जोडली, की दिवसभर न कुरकुरता चालणारे. तारेतून नुसतं चित्र बाहेर यायचं, चौकोन नाही, आकडे नाहीत. सभागृहाच्या मागच्या भिंतीपासून बुवांच्या कपाळावरचा घाम दिसेल, इतकं जवळ आणणारं भिंग. एकीच्या पडद्याला तडा होता. भिंगवाल्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढायला लावलं आणि अंधारात चित्र कसं येतं ते पाहिलं, कारण स्वस्त कॅमेऱ्याची खरी जात अंधारात कळते. चित्राला मुंग्या आल्या, पण माणूस ओळखू येत होता. बायकोने दोन्हींच्या वायरींची टोकं शिवणीच्या टाक्यासारखी ओढून पाहिली. “टिकतील,” ती म्हणाली.

पैसे देऊन निघता निघता काकांनी फळीवरून तिसरी वस्तू काढली. भिंतीला लावायचा, फिरत्या मानेचा कॅमेरा. हातात रिमोट. बटण दाबलं, की मान डावी-उजवी वळायची, आणि कपाळावर लाल दिवा लागायचा. अगदी जिवंत.

“चित्र दाखवा,” भिंगवाले म्हणाले.

“चित्र नाही. डोळा गेलाय. मान तेवढी शाबूत आहे. न्या, फुकट.”

“आंधळ्या कॅमेऱ्याचं काय करू, काका? लोणचं?”

“उभा करा नुसता. अहो भिंगवाले, गिऱ्हाईक कॅमेरे मोजतं, चित्रं मोजत नाही. दोनवाल्याला कोण विचारतो? तीनवाला म्हटलं, की रुबाब.”

बायकोच्या कपाळाला आठी पडली. “हे काही बरं नाही हं. कोणी समोर येऊन बसलं, दिसतोय समजून, तर?”

“बसू दे की! दिसलं नाही म्हणून कोणाचं काय जातंय?”

मोह असा असतो. तो कधी दार वाजवून येत नाही, फुकट म्हणून पिशवीत येऊन बसतो. भिंगवाल्यांनी तो घेतला. घरी येताना बायको म्हणाली, “पंगतीत एखादा पाहुणा नसतो का, नुसती मान फिरवत बसणारा, कामाला हात न लावणारा? तसला हा.” तेव्हापासून त्याचं नाव पाहुणा पडलं. कानातल्या यंत्रावर दोघं बोलायची, “पाहुणा जरा फिरवा, यजमान बघतायत.” लोक पाहुण्यासमोर केस सारखे करायचे, मुलं हात हलवायची. दोघं गालात हसायची. पण सामान आवरताना बायको त्याच्या भिंगावर न चुकता फडकं बांधायची. का, असं एकदा भिंगवाल्यांनी विचारलं तर म्हणाली, “बघत नाही तो, हे मला माहीत आहे. तरी बघतोसा वाटतो.”

तर असा तो पाहुणा आज वखारमालकांच्या दिवाणखान्यात लाल दिवा लावून बसला होता.

मालकांनी नवं घर बांधलं होतं, त्यानिमित्त बुवांचं गायन-प्रवचन. नव्या लाकडाचा वास घरभर इतका दाट, की श्वास घेताना घशाला भुसा लागावा. सोयरे, गिऱ्हाइकं, गल्लीतली माणसं. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. व्यासपीठाच्या बाजूला भला मोठा टीव्ही, त्यावर हेच प्रक्षेपण, मालकांचा हट्ट. इंटरनेटवरून फिरून येणारं चित्र मागे राहायचं. बुवा बसून पाणी प्यायले, तरी टीव्हीवर अजून उभे राहून नमस्कारच करत होते. लोकांना मोठी गंमत वाटत होती.

इंटरनेटची तार वरच्या मजल्यावरून आणायची होती, म्हणून बायको वर गेली होती. तिचा आवाज कानात आला.

“अहो.”

“हं.”

“वर एका खोलीला कडी बाहेरून आहे.”

“असेल. लोकांची लोकांकडे तऱ्हा.”

“स्क्रू काल-परवाचे आहेत. भुसा अजून खाली पडलाय, कोणी झाडलाही नाही. आत एक पलंग आणि एक भरलेली बॅग. खिडकीला जाळी ठोकलीय, तीही आतून उघडत नाही.”

भिंगवाले वायरीकडे वळले. त्यांच्या शेजारी मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाईंचं हसू लेकराला पापा द्यावा तसं गोड.

“आमच्या सूनबाई तुमच्याशी काही बोलल्या का?”

“कुठे बसू म्हणाल्या.”

“त्यांना बरं नसतं हो. बोलतात काहीबाही. मनावर घेऊ नका. आणि त्या पडद्यावर फार दाखवू नका त्यांना. उगाच लोक विचारतात.”

“नाही दाखवणार,” भिंगवाले म्हणाले. यात तेवढं तरी खोटं नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं.

बुवांनी सूर लावला. म्हातारे होते, पण गळा असा, की पहिल्याच आलापात नव्या भिंतींतला कोरडेपणा निघून गेला. पेटीवाला डोळे मिटून साथ करत होता. बुवांचं त्या दिवशीचं ध्रुवपद साधंच होतं. “हाक मार तू, ऐकणारा जागा आहे.” एकेक दृष्टांत सांगायचा आणि पुन्हा त्या ओळीवर यायचं. कोणी विहिरीत पडलेला, कोणी वादळात सापडलेला. प्रत्येक जण हाक मारतो, आणि ऐकणारा जागा असतो.

पाहुण्याच्याच भिंतीशी बसलेल्या भिंगवाल्यांच्या समोर लॅपटॉप, त्यात तीन चौकटी. एक स्वतःचा कॅमेरा, तीन पायांच्या तिकाटण्यावर पक्का बसवलेला, पूर्ण व्यासपीठ दाखवणारा. दुसरा बायकोकडचा, फिरता. तिसरी चौकट काळीच. खालच्या बाजूला बघणाऱ्यांचे निरोप उमटत होते. “नमस्कार.” “फार सुंदर.” “आवाज छान येतोय.” मग एक आला, झाडाचं चित्र लावलेल्या कोणाचा तरी. “माझी बहीण कुठे आहे? बायकांची बाजू दाखवा.”

तो निरोप पाहता पाहता गायब झाला.

भिंगवाल्यांना वाटलं, नजर चुकली. पुन्हा आला. “बहीण दिसत नाही. कृपा करून दाखवा.” पुन्हा पुसला गेला. भिंगवाल्यांनी मान वर केली. मालकांचा मुलगा, सूनबाईंचा नवरा, खांबाला टेकून बसला होता. ओठांनी ध्रुवपद म्हणत होता आणि अंगठ्याने फोनवर काहीतरी पुसत होता. प्रक्षेपण त्या घराच्याच पानावरून चाललं होतं. कोणी काय लिहावं आणि काय उरावं, हे त्या अंगठ्याच्या हाती होतं.

“अहो,” बायकोचा आवाज आला. अगदी बारीक, सुईसारखा. “ती बघा. ती पाहुण्याशी बोलतेय.”

सूनबाई बायकांच्या पहिल्या रांगेत, पाहुण्याच्या बरोबर समोर बसली होती. टाळ्या वाजवत होती. मान बुवांकडे, पण डोळे त्या लाल दिव्यावर. आणि ओठ हलत होते. ध्रुवपदाचे नव्हेत. बुवा “हाक मार तू” म्हणायचे तेव्हा सगळ्यांचे ओठ हलायचे, त्या आडोशाने तिचेही हलायचे, दुसरंच काही बोलत. मधूनच ती थांबायची आणि दिव्याकडे बघून किंचित मान डोलवायची, पलीकडून कोणी “हं, पुढे” म्हटल्यासारखी.

मग तिने हळूच डाव्या हाताची बाही वर सरकवली. मनगटाभोवती निळा-काळा पट्टा होता, बांगडीच्या जागी. तो तिने दिव्यासमोर धरला, जरासा, घाम पुसल्याचं निमित्त करून. शेजारी मालकीणबाई बसलेल्या, डोळे मिटून, भक्तीत.

नंतर टाळ्यांच्या भरात तिने तळहात समोर केला. पेनाने त्यावर एक अक्षर काढलेलं होतं.

भिंगवाल्यांनी आयुष्यभर लोकांना लांबून अक्षरं वाचायला लावली होती. आज ते स्वतः खुर्चीत होते.

“ने.”

एवढंच. दादाला काय लिहायचं एका तळहातावर? ने.

ती ते अक्षर एका मेलेल्या डोळ्याला दाखवत होती. पुन्हा पुन्हा. प्रत्येक ध्रुवपदाला.

“दिसलं का तुम्हाला?” बायको.

“दिसलं.”

“आता?”

“आता काय? प्रवचन संपलं, की पोलिसात जाऊ.”

“आणि काय सांगू? कडी बाहेरून आहे? ते म्हणतील, बाईंना बरं नसतं. पहाटे गाडी निघाली, की झालं.” ती पुढे म्हणाली, “आणि ती गेली ना, तर वाटेत काय म्हणेल मनाशी? दादाने बघितलं, आणि आला नाही. आपण तिला सांगितलं, दिसतेस म्हणून.”

“मी सांगितलं.”

“तुम्ही काय, मी काय. पाहुणा दोघांचा आहे.”

भिंगवाल्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. “तिला घेतली, तर इथेही दिसेल. सगळ्यांना. मालकांनाही.”

“दिसेल. पण मागाहून. जेव्हा टीव्हीवर दिसेल तेव्हाच तिकडेही दिसेल. मग पुसू दे त्याला काय पुसायचं ते. बघितलेलं पुसता येत नाही.”

“टीव्हीची तार काढू?”

“नवरा फोनवर बघतोच आहे. काढून काय करणार? घ्यायचं तर घ्या. नाहीतर निदान त्या पाहुण्याचा दिवा तरी बंद करा, मला बघवत नाही.”

बुवांनी विहिरीतल्या माणसाची गोष्ट संपवली आणि पेटी पुन्हा वर चढली. बायकोने कॅमेरा हलकेच बायकांकडे वळवला. दुसऱ्या चौकटीत सूनबाई आली. पण आली ती एका अंगाने. तिचं तोंड आणि तळहात पाहुण्याकडे, यांच्याकडे नुसती हाताची मागची बाजू. बायको भिंतीला खेटून उभी, तिला पुढे सरकायला जागा नाही. ओरडून सांगावं, इकडे वळ, तर ते कसं?

भिंगवाल्यांचा हात रिमोटवर गेला. आजवर तो रिमोट त्यांनी यजमानांवर छाप पाडायला फिरवला होता. त्यांनी बटण दाबलं. पाहुण्याची मान हळूहळू वळू लागली, सूनबाईवरून सरकत, बायको उभी होती त्या भिंतीकडे.

सूनबाईने ते पाहिलं. लाल दिवा तिच्यावरून निघून चालला होता. भिंगवाल्यांनी नंतर कधी या दिवसाची गोष्ट काढली, तर त्यांना तेवढाच क्षण सांगवायचा नाही. बुडत्याच्या हातातून दोर सुटताना तो ओरडत नाही, नुसता बघतो, तशी ती बघत होती. मग तिचा सगळा देह त्या दिव्यामागे वळला. मान, खांदा, हात. भीड गेली, टाळीचं निमित्त गेलं. तळहात उघडा करून तिने तो थेट त्या दिशेला धरला, आणि त्या दिशेला बायकोचा कॅमेरा होता.

चौकट भरून आली. चेहरा, मनगट, अक्षर.

“दोन घेतला,” भिंगवाले पुटपुटले, आणि कळ दाबली.

किती वेळ ठेवलं, ते त्यांना कळलं नाही. एक ध्रुवपद असेल. मग त्यांनी पुन्हा बुवा लावले.

आणि मग सुरू झाला तो अवधी, ज्यात काहीच घडत नव्हतं. बुवा गात होते. लोक डोलत होते. टीव्हीवर अजून मागचे बुवा विहिरीतल्याची गोष्टच सांगत होते. तळहात त्या घरातून निघाला होता, कुठल्या कुठल्या तारांतून, समुद्राखालून चालला होता, पण पोचला नव्हता. परत बोलावता येत नव्हता. मालक मान डोलावत होते. मुलाचा अंगठा स्वस्थ होता. बायकोने कॅमेरा तिकाटण्यावर सोडला, बायकांच्या रांगेतून वाट काढली आणि सूनबाईच्या शेजारी जाऊन बसली. कसलीही ओळख नसताना तिने तिचा तो हात आपल्या हातात घेतला. सूनबाई दचकली.

“तो कॅमेरा आंधळा होता गं,” बायको तिच्या कानात म्हणाली. “माझ्या कॅमेऱ्याने घेतलंय तुला. आत्ता दिसेल. घाबरू नको.”

टीव्हीवर पेटी वर चढली. आणि मग बुवा गेले आणि ती आली. माणसाएवढी मोठी. नव्या भिंतीवर तिचा तळहात, आणि तळहातावर ते अक्षर.

आधी बायकांच्या टाळ्या थांबल्या. मग पुरुषांच्या. सगळे कुठे बघतायत म्हणून बुवांनी मान वळवली, आणि “जागा आहे” यातला “आहे” त्यांच्या घशातच राहिला. पेटीवाल्याने भाता सोडला. नुसती हवा बाहेर पडली, सुस्कारा टाकल्यासारखी.

मुलाने फोनवर बोटं आपटली. टीव्ही काळा झाला.

“कोणी दाखवलं हे?” मालकांचा आवाज अजूनही मऊच होता.

“मी,” भिंगवाले म्हणाले. ते उभे राहिले.

मालक लोकांकडे वळून हसले. “सूनबाईंना बरं नसतं. माफ करा मंडळी. प्रवचन झालं, आता या सगळ्यांनी.” मग फोन कानाला लावून ते बाजूला झाले, पण दिवाणखाना इतका गप्प होता, की शब्द न् शब्द ऐकू आला. “उद्या नाही. आत्ता. गाडी घेऊन दोघं-तिघं या.”

काही माणसं उठली, चपला शोधू लागली. परक्या घरचं भांडण, कोण पडेल मध्ये? दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दिवाणखाना रिकामा होत चालला, आणि नव्या लाकडाचा वास पुन्हा दाटला.

बुवा उठले नाहीत. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि व्यासपीठावरून खाली उतरून बायकांच्या बाजूला, फरशीवर, सूनबाईसमोर मांडी ठोकली.

“बुवा, झालं आता,” मालक म्हणाले.

“झालं कुठे? ध्रुवपद अर्ध्यात तुटलंय. अर्धं टाकून उठलं, की माझा गळा धरतो.” म्हातारा साधेपणाने बोलत होता, पण डोळे मालकांवरून हलले नव्हते. “तुमच्या गाडीला यायचं ते येऊ दे. मी गातो.”

आणि ते गाऊ लागले. पेटीवालाही खाली येऊन बसला. चपलेत पाय घातलेल्या दोन म्हाताऱ्या परत फिरल्या आणि टेकल्या. त्यांच्यामागे आणखी कोणी. फार नाहीत, मोजकेच. मुलाने दाराला कडी घातली.

मालकांचा फोन वाजला. त्यांनी पाहिलं आणि तोडला. लगेच मुलाचा वाजला. त्यानेही तोडला. मग मालकीणबाईंच्या बटव्यात वाजू लागला, आणि त्यांच्याने तो तोडवेना, नुसत्या बटवा पोटाशी धरून बसल्या. एकामागून एक, आळीपाळीने, ते तीन फोन वाजत राहिले. कोणीतरी लांब बसून एकेक नंबर लावत होतं आणि थकत नव्हतं.

“दादा आहे,” सूनबाई म्हणाली. त्या घरात तिचा आवाज एवढा मोठा कोणी ऐकला नसावा. “उचला. त्याचे दोस्त या गावात आहेत. तुम्ही नाही उचललात, तर तो त्यांना उठवेल.”

“बरं नसतं त्यांना,” मालकीणबाई कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या.

भिंगवाले दाराजवळ वायरी गुंडाळत होते. गुंडाळायच्या, सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. बाहेर दिवेलागण झाली होती. गल्लीच्या तोंडाशी मोठ्या गाडीचं इंजिन घुरघुरताना ऐकू येत होतं. गल्ली अरुंद, गाडी वळवायला वेळ लागत होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

“आले,” मालक म्हणाले आणि हातातला फोन खिशात घातला.

“आले,” सूनबाईही म्हणाली, आणि बायकोचा हात तिने घट्ट धरला.

बुवा गायचे थांबले. थाप पुन्हा पडली. भिंगवाल्यांनी दाराला कान लावला. “कोण आहे?”

“ताई आहे का आत?” बाहेरून आवाज आला. तरणा, धापा टाकणारा. “आमची ताई?”

वखारीवरचा गडी असता, तर वहिनी म्हणाला असता. सासरच्या माणसांच्या तोंडी ती सूनबाई होती, वहिनी होती. ताई म्हणणारं माणूस माहेरचंच. एवढं कळायला कॅमेरा लागत नाही.

“उघडायचं नाही,” मालक म्हणाले. पहिल्यांदा त्यांचा आवाज मऊ नव्हता. ते दाराकडे चालू लागले. गाडीने वळण घेतलं असावं, कारण तिच्या दिव्यांचा उजेड दाराच्या फटीतून आत आला आणि फरशीवर लांबवर पसरला.

भिंगवाल्यांनी वायर खाली टाकली आणि कडी काढली.